आगाशीच्या वाडीत फुलशेती आणि हंगामी कार्यशाळा : फुलांचे वेळापत्रक माणसांशी कसे जुळवावे?

प्रश्न : बोरिवलीकर

सर्वांना नमस्कार. आम्ही बोरिवलीत राहतो आणि सासरची १४ गुंठ्यांची वाडी विरारकडच्या आगाशीजवळ आहे. तीत नारळ आणि केळी आहेत, विहिरीच्या कडेने सोनचाफ्याची सहा झाडे आहेत आणि मधोमध साधारण पाच गुंठे उन्हाची जागा मोकळी आहे. सासरे होते तोवर चाफा रोज भल्या पहाटेच्या लोकलने दादरला जात असे. ते गेल्यानंतर तीन वर्षे वाडीकडे कोणाचे लक्ष नव्हते. आता मी नोकरी सोडून तिथे फुलदाणीसाठी लांब दांड्याची फुले लावण्याचा आणि मुंबईतल्या लोकांना प्रत्येक हंगामात एकदा बोलावून फुलांची कार्यशाळा घेण्याचा विचार गांभीर्याने करीत आहे.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दोन गुंठ्यांत झिनिया, कॉसमॉस आणि अॅस्टर एकाच दिवशी पेरले. झिनिया उत्तम आला, पण त्याचा भर डिसेंबरातच ओसरला, आणि अॅस्टरचे दांडे वीतभरच राहिले. दादरला नेलेल्या जुड्या व्यापाऱ्याने लांबी एकसारखी नाही म्हणून अगदी कमी भावात घेतल्या. जानेवारीच्या मध्याला बारा जणींची कार्यशाळा ठेवली होती, तिला फुले पुरली नाहीत आणि त्या दिवशी पहाटे मलाच दादरच्या फूलमंडईत जाऊन फुले विकत आणावी लागली. मी आलेल्या सर्वांना तसे स्पष्ट सांगितले आणि कोणीही तक्रार केली नाही. पण ‘आमच्या वाडीतली फुले’ असे सांगून बोलावलेल्या माणसांसमोर विकतच्या फुलांची बादली ठेवताना मला फार वाईट वाटले, आणि तसे पुन्हा करायचे नाही हे मी ठरवले आहे.

माझ्या शंका अशा आहेत की विहिरीचे पाणी फेब्रुवारीनंतर मचूळ होते, त्यावर कोणती फुले तग धरतील; पावसाचे चार महिने कार्यशाळेसाठी काय हाती राहील; आणि किती माणसांना किती फुले लागतात याचा हिशोब कसा करावा. परवानगी आणि करांविषयीही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर : वाडीवाला, वसई

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या फुलांचा व्यवसाय आहे, त्यामुळे तुमची वाडी न पाहताही ती डोळ्यांसमोर उभी राहिली. आधी गेल्या वर्षी काय चुकले ते पाहू, कारण दोन गुंठ्यांत बारा माणसांपुरती फुले मिळायला हरकत नव्हती.

झिनियाला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण दोन महिने लागतात. तुम्ही सगळे बी एकाच दिवशी टाकले, म्हणून सगळी फुले एकदम आली आणि एकदम सरली. या वेळी तेवढेच बी चार भागांत वाटून दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरा. रोप वीतभराहून थोडे उंच झाले की शेंडा खुडा, म्हणजे बाजूचे फुटवे लांब दांड्याने वर येतात. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा आणि पाणी मुळाशीच द्या. आपल्याकडच्या दमट हिवाळ्यात झिनियावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, फार लवकर येते, आणि दाट लागवडीत तर ती आठवड्यात वाफा खाते.

अॅस्टरचे दांडे आखूड राहण्याचे कारण वेगळे आहे. या झाडाला दांडा लांबवण्यासाठी मोठा दिवस हवा असतो. दसऱ्यानंतर पेरून रोपे नोव्हेंबरात शेतात गेली की दिवस लहान झालेले असतात आणि झाड बसकेच राहून फुलते. म्हणून बी ऑगस्टच्या अखेरीस छपराखाली ट्रेमध्ये पेरावे आणि हस्ताच्या पावसाचा जोर ओसरताच रोपे गादीवाफ्यावर लावावीत. बी त्याच वर्षीचे घ्या, कारण अॅस्टरच्या बियांची उगवण लवकर घटते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आपल्या राज्यासाठीच तयार झालेले आहेत. परदेशी पाकिटांच्या मोहात पडण्यापूर्वी ते एकदा लावून पाहा.

मचूळ पाण्यावर गुलाब आणि जरबेरा यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्हींना क्षार सोसत नाहीत, आणि ही फुले तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसांतून दादरला इतकी येतात की आपण त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे कारणही नाही. फेब्रुवारीनंतर कोंबडा (तुऱ्यासारखी फुले) आणि गोंफ्रेना (बटणासारखी गोल फुले) हे उन्हाला न डगमगणारे सोबती ठेवा, वाफ्यावर नारळाच्या झावळ्यांचे आणि पाल्याचे जाड आच्छादन घाला, आणि शक्य असेल तर घराच्या छपराचे पावसाचे पाणी विहिरीत वळवा. पाण्याची तपासणी मात्र एप्रिलमध्ये करा, कारण पावसानंतर घेतलेला नमुना खरी स्थिती सांगत नाही.

निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये उंच गादीवाफ्यावर लावल्यास ते तीन वर्षे जागेवर राहतात. ‘प्रज्वल’ हा एकेरी वाण सुगंधासाठी आणि ‘सुवासिनी’ किंवा ‘वैभव’ हे दुहेरी वाण दांड्यासाठी चांगले. पाणी साचले तर मात्र कंद कुजतो, हे मी स्वतः एका पावसाळ्यात अर्धा वाफा गमावून शिकलो आहे.

पावसाळ्याचे उत्तर तुमच्या नारळांच्या सावलीतच आहे. हेलिकोनिया आणि अल्पिनिया या केळी-आल्यासारख्या दिसणाऱ्या फुलझाडांचे कंद त्या अर्ध्या सावलीत लावा. दमट हवा आणि भरपूर पाऊस हेच त्यांचे माहेर आहे. सोनटक्का विहिरीच्या पाटाकडेने लावा. तेरडा आपणहून येतोच. कुंपणाला कामिनी लावली तर गुच्छात घालायचा हिरवा पाला वर्षभर मिळेल आणि तो विकत घेण्याचा खर्च कायमचा वाचेल.

उत्तर : माटुंग्याचा फूलवाला

मी दुकान चालवतो आणि गेली अनेक वर्षे पहाटे दादरला खरेदी करतो. व्यापाऱ्याने तुम्हाला कमी भाव दिला तो आकसाने नव्हे. घाऊक बाजारात खरेदीदार जुडी उघडून पाहत नाही, वरून नजर टाकून उचलतो. त्यामुळे दांडे एका लांबीचे, फुले एका अवस्थेतली आणि दर जुडीत नग ठरलेले, एवढ्या तीन गोष्टींवर भाव ठरतो. दोन गुंठ्यांच्या मालात ही एकसारखी प्रत रोज राखणे अवघड आहे. त्यापेक्षा बोरिवली ते दादर या पट्ट्यात तीन-चार दुकाने गाठा आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या बादल्या द्या. ट्रकमधून दूरचा प्रवास न सोसणारी फुले, म्हणजे कॉसमॉस, सोनटक्का, पूर्ण उमललेला झिनिया, आम्हाला घाऊक बाजारात धड मिळतच नाहीत. जवळच्या वाडीतून ती सकाळी काढून त्याच दिवशी आली, तर आम्ही त्यांची किंमत मोजतो.

तोडणीविषयी थोडे सांगतो, कारण चांगला माल इथेच वाया जातो. झिनियाचा दांडा फुलाच्या वीतभर खाली धरून हलवावा. फुलाची मान लवत असेल तर ते अजून कच्चे आहे, ताठ राहिली तर काढावे. सूर्यफूल पहिल्या पाकळ्या उचलू लागताच काढावे, निशिगंध खालच्या एक-दोन जोड्या उमलल्यावर. हेलिकोनिया मात्र हवा तेवढा उघडल्यावरच कापावा, कारण कापल्यानंतर तो पुढे उघडत नाही. आणि तो फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने काळा पडतो. पाण्याखाली जाणारी सगळी पाने काढावीत. बादली रोज साबणाने घासावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण आमच्या दुकानातली निम्मी नासाडी अस्वच्छ बादलीमुळेच होते.

दसऱ्याला झेंडू लावावा का, असे पुढे कधीतरी विचाराल म्हणून आत्ताच सांगतो : घरच्या तोरणापुरता आणि कार्यशाळेपुरता लावा. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी हात लावत नाही.

उत्तर : कर्जतची शेतकरीण

मी सहा वर्षांपासून कार्यशाळा घेते आणि पहिल्या दोन वर्षांत मीही तारखा आधी जाहीर करून फुलांची वाट पाहत बसले. आता क्रम उलटा केला आहे. इच्छुकांची यादी वर्षभर जवळ असते. वाफ्यात कळ्या रंग दाखवू लागल्या की आठ-दहा दिवस आधी तारीख कळवते. काही जणांना तेवढ्यात सवड काढता येत नाही आणि ते येत नाहीत, हे मान्य करावे लागते. पण जे येतात त्यांना स्वतःच्या हाताने वाफ्यातून फूल कापायला मिळते, आणि त्यासाठीच तर ते लोकलने दीड-दोन तास येतात. तयार बादलीतली फुले मांडायची असती, तर तो वर्ग बोरिवलीच्या दिवाणखान्यातही झाला असता.

हिशोब असा करा. एका माणसाला साधारण २० फुले आणि १० दांडे हिरवा पाला लागतो. दहा माणसांची २०० फुले, आणि चुकीचे कापणे, मोडणे, घरी नेण्याची हौस यांसाठी चौथा हिस्सा अधिक, म्हणजे २५०. शेंडा खुडलेल्या झिनियाच्या एका रोपावर ऐन भरात आठवड्याला दोन-तीन चांगली फुले मला मिळतात, म्हणून एका कार्यशाळेसाठी भरात असलेली शंभर रोपे धरते. फूटभर अंतराने ती एका गुंठ्याच्या दहाव्या हिश्शातच मावतात. म्हणजे वाडीवाले दादा म्हणाले तेच खरे, जागा कमी नव्हती. मात्र त्या आठवड्यात त्या वाफ्यातले फूल दुकानाला देऊ नका. मी एकदा मोहापायी दिले आणि आलेल्या माणसांना कळ्या दाखवाव्या लागल्या. दहाहून अधिक माणसे घेऊ नका, कारण एका वाफ्याभोवती तेवढीच नीट उभी राहतात.

पावसाळ्यातली कार्यशाळा माझ्या मते तुमची सर्वांत सुंदर कार्यशाळा ठरू शकेल. गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पत्री ओळखणे, तेरड्याच्या गौरी बांधणे, चाफा आणि सोनटक्का यांचे गजरे आणि वेण्या, एवढे विषय भरपूर होतात. मुंबईत वाढलेल्या अनेकांनी पत्री नेहमी बाजारातल्या जुडीतच पाहिलेली असते. आघाडा झाडावर कसा दिसतो हे त्यांना ठाऊक नसते. वेणी शिकवण्यासाठी आगाशी-वसईकडच्या ज्या बायका वर्षानुवर्षे हे काम करीत आल्या आहेत त्यांना बोलवा, त्यांना शिक्षिका म्हणूनच ओळख करून द्या आणि मोबदलाही शिक्षिकेचाच द्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण त्यांच्या हातातली कला दाखवून पैसे मिळवायचे आणि त्यांना मजुरी द्यायची, हे मी पाहिलेले आहे आणि ते मला फार खटकते. कळलावी आणि कण्हेर विषारी आहेत. ती मुलांच्या हाती देऊ नका. आपल्या भागात फुरसे हा विषारी साप असतो, म्हणून सर्वांना बंद बूट घालून यायला सांगा आणि गवत आधी कापून घ्या. शक्यतो शनिवार ठेवा, रविवारी मेगाब्लॉक असला की निम्मी माणसे उशिरा पोहोचतात.

आता कागदपत्रे. सातबारावर सासऱ्यांनंतर वारसांची नोंद झाली आहे का, हे पहिल्यांदा तपासा. पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर अडते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले असून त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ताज्या फुलांवर जीएसटी नाही आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण कार्यशाळेचे शुल्क हे शेतीचे उत्पन्न नव्हे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे, तिथे आपण लहान माणसे पोहोचत नाही. तरी फुलांची वही आणि कार्यशाळेची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

बोरिवलीकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. वारसनोंद झालेली नाही, हे आज घरी विचारल्यावर कळले. त्यामुळे सोमवारी प्रथम तलाठी कार्यालयात जाणार आहे. येत्या जानेवारीच्या कार्यशाळेची तारीख मी मैत्रिणींना आधीच देऊन बसले होते, ती मागे घेतली आणि कारणही सांगितले. सासूबाईंना वेणीविषयी वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरच्या आळीतल्या दोघी बहिणी अजूनही सणाला वेण्या करतात. त्यांना स्वतः जाऊन भेटायचे ठरवले आहे. दादा, एक शेवटची शंका : हेलिकोनियाचे कंद मोठ्या रोपवाटिकेतून आणावेत की जवळपास मिळतील?

वाडीवाला, वसई

विकत आणू नका, ताई. माझ्याकडचे हेलिकोनियाचे बेट फार दाट झाले आहे आणि ते यंदा फोडायचेच आहे. पहिला पाऊस पडून माती मऊ झाली की कळवतो. येताना चार गोणपाट आणा, आणि तुमच्या चाफ्याची दोन-चार फुले आणलीत तर घरात आनंद होईल.