मदत हवी आहे: टूर डिव्हाइडनंतर बोटं बधिर, झोप मोडलेली, आणि मन घरी परतायला तयार नाही

माळरान:

नमस्कार. इथे ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीतल्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी) करणारे बरेच जण आहेत आणि काही डॉक्टरही नियमित लिहितात, म्हणून हा धागा काढते आहे. जरा लांबेल, पण नीट सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

मी मूळची साताऱ्याची, आता डेन्व्हरजवळ राहते. या जूनमध्ये टूर डिव्हाइड या सायकल शर्यतीला निघाले आणि ती पूर्ण केली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, रॉकी पर्वताच्या कण्यावरून जाणारी ही सुमारे ४४०० किमीची वाट आहे, त्यातली बरीचशी कच्ची. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सगळे एकत्र निघतात. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही. सामान सायकलला बांधलेल्या पिशव्यांत, झोप मिळेल तिथे, खाणं वाटेतल्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर असेल ते. ओळखीच्या कुणी वाटेत डबा आणून दिला तर तोही चालत नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की तुम्ही झोपलात तरी चालूच राहतं. आपल्याकडे बातम्यांत येते ती रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) वेगळी. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये पूर्ण केली ती. तिथे मागे गाडी आणि मदतीची माणसं असतात. इथे आपण आणि आपली सायकल, बस.

ब्रिटिश सायकलपटू माइक हॉलने २०१६ मध्ये हे अंतर १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत कापलं होतं. मला त्याहून पुष्कळ जास्त दिवस लागले. मला वेगाची हौस नव्हती, पोचायचं होतं, आणि पोचले.

आता महिना होत आला. आधी शरीराचं सांगते.

दोन्ही करंगळ्या आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर आहे. माँटानात मुंग्या येऊ लागल्या होत्या, वायोमिंगच्या खडबडीत रस्त्यांवर त्या कायमच्या झाल्या. डावा हात हळूहळू सुधारतोय. उजव्याची मात्र चिमटीतली ताकद गेली आहे. कुलपात किल्ली फिरत नाही, शर्टाचं बटण लागत नाही. गणपती जवळ आले आहेत आणि उकडीच्या मोदकाला कळ्या पाडून बघितल्या, तर बोटं पिठावरून नुसती घसरली. त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. पायाच्या घोट्यांना सूज होती ती आठवड्याभरात उतरली. पायाची बोटं अजून टोचतात.

रात्री दोनला भुकेने जाग येते. घामाने उशी ओली झालेली असते. कधी झोपेतच उठून अंथरुणात हेडलॅम्प चाचपते. मला उशीर झालाय, वादळाच्या आत खिंड ओलांडायची आहे, असं वाटत असतं. नवऱ्याने हाक मारली की हळूहळू कळतं आपण कुठे आहोत ते. जिना चढताना छाती धडधडते.

आणि आता ज्यासाठी खरं तर हा धागा काढला ते. वाटेवर असताना दिवसभरात प्रश्न मोजकेच असायचे. पुढचं पाणी कुठे, दुकान किती वाजता बंद होतं, ढग कुठल्या अंगाने येताहेत. वायोमिंगमध्ये ग्रेट डिव्हाइड बेसिन म्हणून भाग आहे. तिथे पडलेलं पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही, तिथेच मुरतं किंवा उडून जातं. सेजची करडी झुडपं, हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न आणि वारा. तासन्‌तास माणूस नाही. त्या पट्ट्यात मी इतकी शांत आणि आनंदी होते की तसं आयुष्यात आधी कधी वाटल्याचं आठवत नाही. मग कोलोरॅडो, ३६३० मीटरवरची इंडियाना पास, न्यू मेक्सिकोतल्या पावसात चाकाला चिकटून सायकल जागेवर अडवणारा चिखल, आणि शेवटी हाचिटा गावाच्या पुढे सरळसोट डांबरी रस्ता. तो एका सीमाचौकीपाशी संपतो. कुंपण, पाटी, चौकी. नवरा गाडी घेऊन आला होता. आम्ही फोटो काढला आणि निघालो.

तेव्हापासून काही सुरू झाल्यासारखं वाटतच नाहीये. ऑफिसात बसते, काम होतं, पण कुठल्याच गोष्टीला वजन वाटत नाही. लोक प्रेमाने विचारतात, "कशी झाली?" आणि मला चार वाक्यांपलीकडे बोलता येत नाही. साताऱ्यात आई रोज उठल्याबरोबर ऑनलाइन नकाशावर माझ्या ट्रॅकरचा ठिपका बघायची. ठिपका हलला नाही तर बाबांना सांगायची, "झोपली असेल, झोपू दे." तिला फोनवर सगळं सांगावं असं फार वाटतं आणि सांगता येत नाही म्हणून रडू येतं. सायकल गॅरेजमध्ये आहे, तिच्याकडे बघवत नाही. तरीही रात्री पुढच्या शर्यतीची पानं उघडून बसते.

हातांसाठी किती थांबावं आणि कुणाला दाखवावं? पुन्हा सायकलवर कधी बसावं? आणि हे रितेपण तुमच्यापैकी कुणाला आलं होतं का? ते कसं गेलं?

---

घाटवळण:

अभिनंदन! सविस्तर वर्णन वेगळ्या धाग्यात नक्की लिहा, पण आता घाई नको.

मी २०१९ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केली. १२०० किमी, ९० तासांची मुदत. तुमच्यापुढे ते काहीच नाही, पण रात्रीची भूक, घाम आणि झोपेत रस्ता दिसणं हे तिन्ही मला झालं होतं. आमच्या ग्रुपमध्येही बऱ्याच जणांना होतं. दिवसेंदिवस अपुऱ्या झोपेवर आणि अपुऱ्या खाण्यावर काढले की शरीर थकबाकी वसूल करतं. भूक लागली की खा, रात्री दोनला लागली तरी. डाळ, अंडी, दही, भात, जे आवडेल ते.

सायकलवर कधी बसावं याला माझा साधा निकष असा: सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. ती तुमच्या नेहमीच्या आकड्यावर येऊन सलग आठवडाभर टिकली आणि जिना चढताना धडधड थांबली, की मग अर्धा तास, सपाटीवर, घड्याळाशिवाय. तोवर चालणं आणि पोहणं. बोटं बधिर असेपर्यंत हँडलवर भार टाकू नका, हे मात्र अगदी कळकळीने सांगतो.

आणि एक विनंती. रितेपण असताना पुढच्या शर्यतीचं नाव नोंदवू नका. मी नोंदवलं होतं. तयारीच्या दिवसांत बरं वाटलं, पण ते सगळं तसंच पुढे ढकललं गेलं आणि नंतर दुप्पट होऊन आलं.

---

शेवंती:

माळरान, मी हाताच्या विकारांवर काम करणारी डॉक्टर आहे. धाग्यावरून निदान होत नाही, तेव्हा प्रत्यक्ष तपासणी करून घ्याच. काय बघायचं ते सांगते.

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळ, गायॉनची नळी म्हणतात त्या अरुंद जागेतून अल्नर नस जाते. हँडलवर तिथेच भार येतो आणि खडबडीत रस्त्याचे हादरेही तिथेच बसतात. सायकलवाल्यांत हे पुष्कळ दिसतं. आता करंगळीकडची हाताची मागची बाजू चाचपून बघा. तिथली संवेदना शाबूत असेल तर दाब बहुधा मनगटाशी आहे. तीही बधिर असेल तर कोपराशी शंका घ्यावी लागते, कारण मागच्या बाजूला जाणारी शाखा मनगटाच्या अलीकडेच फुटते.

दुसरं, एक कागद अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये सपाट धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. कागद निसटू नये म्हणून अंगठ्याचं टोक आपोआप वाकत असेल तर अंगठा जवळ ओढणारा स्नायू दुबळा झालाय. तुमच्या मोदकाच्या वर्णनावरून मला तीच शंका आहे.

नुसता बधिरपणा बहुतेकदा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत जातो. ताकद गेली असेल तर मात्र वाट बघत बसू नका. हाताच्या तज्ज्ञाला दाखवा, नसांची तपासणी म्हणजे एनसीएस करून घ्या. नसेच्या तंतूंना इजा असेल तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे सुधारणा होत असली तरी सुरुवातीला जाणवत नाही. अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागात खड्डा पडताना दिसला तर लगेच जा.

सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासा. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. महिनाभर रात्री घाम येतोय आणि धडधड होतेय, हे "शर्यतीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा. एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

मनाबद्दलही लिहिते. दोन-तीन आठवड्यांत ओझं हलकं होत नसेल, किंवा जगण्यातच रस नाही असे विचार येऊ लागले, तर समुपदेशकाकडे जाण्यात वेळ घालवू नका.

---

इंद्रायणीकाठ:

माझा सायकलशी संबंध नाही, पण तुमचं वाचून राहवलं नाही.

माझे वडील माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. आषाढीचं दर्शन झालं की बहुतेक वारकरी एसटीने, ट्रकने घरी परततात. वडीलही तसेच यायचे. मग कितीतरी दिवस पहाटे तीनला उठून अंगणात येरझाऱ्या घालायचे. जेवणात लक्ष नाही, दुकानात लक्ष नाही. आई म्हणायची, "माणूस आलाय, मन वाखरीतच आहे."

पण पालखी परत चालतच येते, हे फार जणांना माहीत नसतं. जाताना लाखो माणसं असतात, येताना थोडकी. ना गर्दी, ना कॅमेरे. एका वर्षी वडील त्या परतीच्या वाटेवरही चालले. तीच गावं, उलट्या क्रमाने. त्या वर्षी घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन बसले, नेहमीसारखे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "या खेपेला चालत घरी आलो ना."

तुम्ही सीमेवरून गाडीत बसून थेट घरी आलात. ४४०० किमी परत जा असं कोण म्हणेल! पण वाटेचा एखादा तुकडा घराजवळ असेल तर तिथे पायी जाऊन बघा. आणि आईला सगळं एकदम सांगू नका. रोज एक गाव सांगा.

---

माळरान:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. इंद्रायणीकाठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

शेवंतीताई, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी केल्या. हाताच्या मागच्या बाजूला संवेदना व्यवस्थित आहे. कागदाच्या चाचणीत उजवा अंगठा वाकतो, डावा वाकत नाही. हाताच्या तज्ज्ञांची पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे, एनसीएसही तेव्हाच होईल. रक्ततपासणी झाली: फेरिटिन बरंच कमी, बी-१२ ठीक, थायरॉइड ठीक. धडधडीचं आणि घामाचं आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ईसीजी काढला, तो चांगला आला. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

घाटवळण, पुढच्या शर्यतीचं पान बंद केलंय. दिवाळीपर्यंत ते उघडायचं नाही असं ठरवलं आहे.

बोरियास पास आमच्या घरापासून गाडीने दोनेक तासांवर आहे. शर्यतीत ती ओलांडली तेव्हा अंधार होता, काहीच बघितलं नव्हतं. गेल्या रविवारी आम्ही दोघं तिथे पायी फिरलो. जुन्या रेल्वेच्या मार्गावरचा रस्ता आहे, चढ सौम्य आहे. मी नवऱ्याला दाखवत होते की इथे थंडीने बोटं आखडली होती, इथे थांबून शेंगदाणे खाल्ले. पहिल्यांदाच कुणाला तरी सलग सांगता आलं. रितेपण गेलं असं नाही म्हणणार, पण त्या रात्री सलग सहा तास झोपले.

आईला बॅन्फपासून सुरुवात केली आहे. ती वहीत गावांची नावं लिहून घेते आणि बाबांना नकाशावर शोधायला लावते.

एनसीएसचा निकाल आला की इथे लिहीनच. तोवर एक विचारायचं आहे: अल्नर नसेच्या त्रासातून बरं झाल्यावर कुणी हँडल बदललं आहे का? खाली वाकलेल्या ड्रॉप बारऐवजी मागे वळलेलं सपाट हँडल आणि तळहाताला रुंद आधार देणाऱ्या ग्रिप असा विचार चालू आहे. कच्च्या रस्त्यावर दिवसभर वापरलेल्यांचा अनुभव हवा आहे.