एचआर होल्डनवरची दोन कार्ब्युरेटर: कारखान्याची की नंतरची?

मेलबर्नकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडून मी एचआर होल्डन ही जुनी ऑस्ट्रेलियन मोटार विकत घेतली आहे. बॉडी प्लेटवर २२५ हा आकडा असल्यामुळे ती मुळातली स्पेशल सेदान आहे, याविषयी वाद नाही. इंजिन लाल रंगाचे, १८६ घनइंची, सहा सिलिंडरचे आहे, आणि त्यावर एकाऐवजी दोन स्ट्रॉम्बर्ग कंपनीची कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारी यंत्रे) बसवलेली आहेत. समोरच्या काचेवर बाहेरून लावलेला सनव्हायजर आहे, मागच्या काचेला व्हेनेशियन ब्लाइंड आहे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर तीनच आहेत.

क्लबच्या प्रदर्शनात ‘कारखान्यातून आली तशी’ या गटात गाडी उभी करावी, असा विचार आहे. एका जाणकारांच्या मते ही एक्स२, म्हणजे कारखान्यानेच दोन कार्ब्युरेटर दिलेली होल्डन, असल्यामुळे कशालाही हात लावू नये. दुसऱ्यांच्या मते दोन्ही कार्ब्युरेटर, व्हायजर आणि ब्लाइंड काढून टाकल्याखेरीज परीक्षक गाडीकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. दोघेही या गाड्यांत मुरलेले आहेत, म्हणूनच मी गोंधळलो आहे.

रेंचबहाद्दर

दोघांनीही गाडी नीट न पाहताच निकाल दिलेला दिसतो. एक्स२ हे मॉडेलचे नाव नव्हते, ती इंजिनाची निवड होती. त्यामुळे प्लेटवरच्या २२५ वरून आपल्याला मॉडेल समजेल, पण इंजिन कोणते मागवले होते ते समजणार नाही. एचआरच्या आधीच्या, १९६५ च्या एचडी या मॉडेलवर १७९ घनइंची एक्स२ प्रथम आले, १४० अश्वशक्तीचे. एप्रिल १९६६ मध्ये एचआर आली, तेव्हा तेच १८६ घनइंची होऊन १४५ अश्वशक्तीचे झाले. साधे १८६ इंजिन १२६ अश्वशक्तीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे लोक जास्तीचे पैसे का मोजत असत ते कळते.

आता खरी मेख. एक्स२ म्हणजे फक्त दोन कार्ब्युरेटर नव्हेत. त्यांच्यासोबत खास इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर ज्यावर बसतात तो नळ्यांचा ओतीव भाग), वेगळा एक्झॉस्ट, वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि डॅशवर जादा मीटर येत असत. आपल्या गाडीवर यांतले काय आहे, ते आपण लिहिलेले नाही. त्या काळात लिंक्ससारख्या ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे जादा कार्ब्युरेटरचे मॅनिफोल्ड दुकानात सहज मिळत आणि लुकीचे एक्झॉस्ट तर गल्लोगल्ली बसवले जात. एखाद्या हौशी मालकाने शनिवारी दुपारी बसवलेला संच आणि कारखान्यात बसवलेला संच बॉनेट उघडल्यावर पहिल्या नजरेला सारखेच दिसतात. म्हणून मॅनिफोल्ड कोणत्या कंपनीने ओतलेला आहे ते पाहा, आणि ॲक्सिलरेटरच्या जोडदांड्या पाहा: कारखान्याच्या जोडणीत त्या ठरलेल्या मापाच्या असतात, घरगुती कामात कुठेतरी वाकवलेली सळई किंवा नंतर पाडलेले भोक सापडतेच.

आणखी एक. १९६६ च्या अखेरीस जनरल मोटर्स-होल्डनने एक्स२ बंद करून १८६एस आणले. त्यावर दोन घशांचे (हवा आत जाण्याच्या दोन नळ्यांचे) एकच स्ट्रॉम्बर्ग डब्ल्यूडब्ल्यू कार्ब्युरेटर होते आणि शक्ती तेवढीच, १४५. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवत बसण्याची कटकट गेली, ताकद मात्र तीच राहिली. म्हणून गाडी नेमकी केव्हा बनली आणि इंजिन नंबर कोणत्या आकड्या-अक्षरांनी सुरू होतो, हे आधी कळवावे.

ॲडलेडचा पाहुणा

रेंचबहाद्दरांचे इंजिनाविषयीचे म्हणणे पटले. माझा जीव क्रायस्लरमध्ये गुंतलेला असल्यामुळे तिकडचे उदाहरण देतो. व्हॅलियंट चार्जरच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो, कारण ई३७, ई३८ आणि ई४९ ही नावे मुळात इंजिनाच्या पर्यायाचे संकेतांक आहेत. १९७१ च्या ई३८ मध्ये २६५ घनइंची, सहा सिलिंडरच्या ‘हेमी’ इंजिनावर वेबर ४५ डीसीओई जातीची तीन कार्ब्युरेटर होती, २८० अश्वशक्ती होती आणि गिअर मात्र तीनच होते. पुढच्या वर्षीच्या ई४९ ला चार गिअर आणि ३०२ अश्वशक्ती मिळाली. त्या १४९ च बनल्या. साध्या चार्जरवर तीन अस्सल वेबर बसवून कोणी ती ई३८ म्हणून विकू लागला, तर कागदपत्रांपाशी त्याचे बिंग फुटते. सुटा भाग शंभर टक्के खरा असेल, पण तो त्या गाडीचा नसेल, तर ‘कारखान्याची मूळ’ हा शब्द वापरता येत नाही. होल्डनवाल्यांकडेही तोच प्रकार चालतो: होल्डनच्याच टोराना एक्सयू-१ या वेगवान गाडीची तीन झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर साध्या सहा सिलिंडर इंजिनावर चढवलेली पाहिली की त्याला अस्सल म्हणायचे की नाही, यावर दुपारभर भांडण होते. भाग अस्सल, गाडी नव्हे.

परंतु व्हायजर आणि ब्लाइंड काढा, असा सल्ला देणाऱ्या गृहस्थांशी मी सहमत नाही. या वस्तू होल्डनच्याच नॅस्को या नावाखाली डीलरकडे विकल्या जात आणि पुष्कळदा नव्या गाडीवर डीलरच्या आवारातच बसवून मिळत. ज्या कुटुंबाने गाडी घेतली त्यांनी ती व्हायजरसह घरी नेली. मग ती मूळ नाही म्हणायची कशी?

रेंचबहाद्दर

म्हणायची, कारण गट ‘कारखान्यातून आली तशी’ या नावाचा आहे, ‘शोरूममधून आली तशी’ या नावाचा नव्हे. असेंब्ली लाइनवरून उतरलेल्या गाडीला व्हायजर नव्हता. डीलरने बसवलेली नॅस्कोची वस्तू हा माझ्या मते तिसरा, स्वतंत्र प्रकार आहे. तिला कारखान्याचे उपकरण म्हणू नये आणि बाजारू जोडकामही म्हणू नये. क्लबच्या गुणपत्रिकेत तिच्यासाठी वेगळा रकाना असेल तर तिथे लिहावे, नसेल तर परीक्षकांना आधी विचारावे. मात्र वस्तू काढून फेकू नये, एवढे आपले दोघांचे एकमत आहे. बाहेरच्या व्हायजरची पट्टी उचलली की तिच्याखाली रंग बहुधा उन्हापासून वाचलेला सापडतो. रंगाची ती मूळ छटा मोजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

हेमलता

ब्रेकविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. होल्डनवर डिस्क ब्रेक प्रथम आले ते एचडीपासून, आणि तेही मागणीनुसार. त्यामुळे एचआरवर ते कारखान्याचे असू शकतात, पण असतीलच असे नाही. उलट दिशेचा उपद्व्यापही लक्षात ठेवा: हॉट रॉड (जुन्या गाड्या बदलून बनवलेल्या वेगवान गाड्या) बनवणाऱ्यांमध्ये एचआरचा संपूर्ण पुढचा सांगाडा इतका लोकप्रिय होता की डिस्कवाल्या कितीतरी चांगल्या एचआर त्यापायी कापल्या गेल्या. आपल्या गाडीचे डिस्क दुसऱ्या एचआरवरून आले असतील तर ओळखणे कठीण आहे, आणि ओळखता आले तरी ते काढून ड्रम बसवा, असे मी कोणालाही सांगणार नाही. सीटबेल्टचेही तसेच. बेल्ट लावणे सक्तीचे करणारे जगातले पहिले राज्य व्हिक्टोरिया, १९७० साली. तेव्हा त्यापूर्वीच्या गाडीत नंतर बसवलेले बेल्ट पाहून परीक्षकांनी गुण कापू नयेत, अशी अपेक्षा आहे.

इंजिनाच्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा) बदलल्या असतील तर तेही गुपचूप विसरून जावे. बैठकांची झीज रोखणारे शिशाचे पेट्रोल २००२ पासून ऑस्ट्रेलियात मिळत नाही. कडक बैठका बसवल्या नाहीत तर मूळपणा जपता जपता हेडच खराब होईल.

मेलबर्नकर

सर्वांचे आभार. काल सायंकाळी बॅटरी लाइट घेऊन पाहिले. इंजिन नंबर १८६एस ने सुरू होतो. १९६७ च्या पहिल्या नोंदणीचा कागद शेतकरी आजोबांनी जपून ठेवला होता, त्यावरही हाच नंबर अक्षरशः जुळतो. डॅशवर जादा मीटर नाहीत आणि ते कधी असल्याची भोकेही नाहीत. मॅनिफोल्ड मात्र एक्स२ चाच दिसतो. गिअर तीनच असल्यामुळे १८६एस खरे असेल का, अशी नवी शंका आली आहे.

रेंचबहाद्दर

मग कोडे सुटले, आणि आपल्या फायद्याचे सुटले. ओपेलचा चार गिअरचा बॉक्स १८६एस सोबत मिळत असे, पण तो घेतलाच पाहिजे असे नव्हते. तीन गिअरमुळे इंजिनावर संशय घेऊ नका. इंजिन या गाडीचे आहे, वर बसलेला संच नाही. कोणीतरी मोडीत निघालेल्या एक्स२ वरून कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवून आपल्या गाडीवर चढवले असावेत. तो जोड सांभाळून ठेवा, कारण ज्याची एक्स२ खरी आहे पण तिच्यावरचा मूळ संच गेला आहे, असा माणूस त्यासाठी आपल्या दारी येईल.

आपल्याला आता १८६एस चा मॅनिफोल्ड आणि डब्ल्यूडब्ल्यू कार्ब्युरेटर शोधायचे आहे. खरेदी करताना एक सांभाळा: फोर्डनेही आपल्या २५०-२व्ही या सहा सिलिंडर इंजिनावर डब्ल्यूडब्ल्यू वापरले होते. नाव एकच असले तरी आतले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) वेगळे असतात. विक्रेत्याने नुसते ‘डब्ल्यूडब्ल्यू आहे’ असे सांगितले तर ते कोणत्या इंजिनावरून काढले हे लेखी मागा, आणि तोवर क्लबच्या अर्जात कार्ब्युरेटरच्या रकान्यापुढे ‘मूळ नाही, बदल चालू’ असे लिहून द्या.

ॲडलेडचा पाहुणा

आणि व्हायजर राहू द्या. त्या रकान्यापुढे ‘नॅस्को, डीलरकडून’ असे लिहिले तर रेंचबहाद्दरांचाही आक्षेप नसावा.

रेंचबहाद्दर

नाही. पावती सापडली तर तीही जोडा.