डिसेंबरची सुट्टी, तोरणमाळ आणि थंडी: कामाचं तेवढंच सांगा

सेमिस्टरची परीक्षा उरकली, पुढचे वर्ग भरायला अवकाश आहे, आणि जळगाव, धुळे, शहाद्याच्या खोल्याखोल्यांतून एकच बेत चाललाय: सातपुड्यातल्या तोरणमाळला दोन रात्री. दर हिवाळ्यात तेच ते प्रश्न येतात, म्हणून हा धागा. 'आम्ही काय धमाल केली' ते नको. काय न्यायचं, किती, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच लिहा.

शहादा, गॅरेज

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर पन्नासेक किलोमीटर. राणीपूरपर्यंत काही त्रास नाही, खरा घाट पुढे. पेट्रोल शहाद्यातच भरा, वर मिळेल या भरवशावर जाऊ नका.

चढताना गाडी दमते, पण माणूस पडतो उतरताना. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर उतरणारे बहाद्दर दर वर्षी दिसतात. पेट्रोल वाचतं चमचाभर आणि सगळा भार ब्रेकवर. डबलसीट आणि वर बॅगा असल्या की ड्रमचे शू तापतात, त्यांची पकड जाते, आणि मग पायडल खालपर्यंत दाबलं तरी गाडी धरत नाही. दुसऱ्या गिअरवर उतरा, इंजिनच गाडी रोखून धरतं. ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा, सोडायचा. स्कूटरवाल्यांनी जास्त जपावं: वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनची धर जाते. मध्ये दोनदा थांबून ब्रेक निवू द्या. गरम ड्रमवर पाणी ओतू नका.

निघायच्या आधी चेन बघा, मधोमध दोन-तीन सेंटिमीटर खेळ हवा. मागच्या टायरमध्ये डबलसीटची हवा भरा; आकडा चेनकव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पहाटे कार्बोरेटरची गाडी चोक ओढून, अॅक्सिलरेटर न पिळता किकवर घ्या. चालू झाली की मिनिटभरात चोक आत, नाहीतर प्लग काळा होतो. जादा प्लग आणि पाना जवळ असू द्या. सेल्फ पाच सेकंदांवर दाबून धरू नका, थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते.

नंदुरबार, भूगोल विभाग

थंडीचा अंदाज बांधता येतो. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. शहादा दीडेकशे मीटरवर, तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे खाली १० असेल तर वर ४ धरा. पण रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर खोलगट जागी जड, थंड हवा साचते आणि पारा आणखी उतरतो. गवत, जीपचा टप, पत्रे ही आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होतात. म्हणून हवा तीन-चार अंशांवर असतानाही त्यांच्यावर दव गोठलेलं दिसतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब गावी 'बर्फ' पडल्याच्या बातम्या येतात, तो 'बर्फ' हाच. ढगाळ रात्री हे होत नाही, तेव्हा 'बर्फ' बघायला जाणाऱ्यांनी अंदाज बघूनच निघावं. डिसेंबरअखेरीस सूर्य सात-सव्वासातला उगवतो. उन्हाची तिरीप पडली की खेळ संपला. सव्वासहाला बाहेर पडा.

कपड्यांचं एकच सांगते. अंगालगत जाड सुती बनियन घालून चढ चढलात की घामाने ते ओलं होतं आणि संध्याकाळी तेच गारठवतं. मुक्कामाला पोचल्याबरोबर आतला कपडा बदलायचा, वरचं जर्किन नंतर. गाडीवर छातीशी वर्तमानपत्राची घडी खुपसली तर वारा अडतो.

धुळे, मुलांचं वसतिगृह

भाऊ, हे जरूर वाचा. खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपायचं नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस थंडीच समजून दार आणखी घट्ट लावतो. शेकायचं ते अंगणात. गॅस गीझर असेल तर न्हाणीघराची खिडकी उघडी. अंथरुणात अंगावर दोन गोधड्या घेण्यापेक्षा एक खाली टाका, अर्धी थंडी फरशीतून येते.

जळगाव, भरीताचा ठेका आपल्याकडे

थंडी भलती पडी ऱ्हायनी, मंग भरीत नको का भो?

बारा पोरांना पाच किलो वांगी. हिरवी-पांढरी, लांबट, भरीताचीच. बामणोदकडची मिळाली तर प्रश्नच नाही. हातात हलकं लागेल ते वांगं घ्या, जड वांग्यात बिया जास्त. बाकी सामान: पाव किलो हिरवी मिरची (लवंगी असेल तर निम्मी), दीडशे ग्रॅम लसूण, किलोभर कांद्याची पात, पाव किलो शेंगदाणे, थोडे सुक्या खोबऱ्याचे काप, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, अर्धा लिटर तेल. तेलाला हात आखडला तर ते भरीत नाही, उकडलेली भाजी.

जाळ कपाशीच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या झाडांचा. वर मिळत नाहीत, खालून पोत्यात भरून न्या. बोंडअळीमुळे शेतकऱ्याला शेत रिकामं करायचंच असतं, विचारलं तर फुकट देतो. पऱ्हाटी झरझर पेटते आणि झरझर विझते, म्हणून सगळ्या एकदम टाकायच्या नाहीत. एक जण नुसता जाळ सांभाळायला. वांग्याला चार ठिकाणी सुरी टोचा, नाहीतर फुटतं. वांगी फिरवत राहायची. देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. गॅसवर भाजलं तर साल जळतं आणि देठाशी कच्चं राहतं, तिथेच चव जाते. सोलताना पाण्यात बुडवू नका, धुराचा वास धुऊन निघतो. मिरची-लसूण भाजून कुटायचं, वांगी मुसळाने ठेचायची. मिक्सरमध्ये चिकट लगदा होतो. तेलात शेंगदाणे, खोबरं, पात, मग ठेचा, शेवटी वांगी. पाच मिनिटं परतलं की उतरवा.

सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. कळण्याला ज्वारी तीन वाटे, सालासकट उडीद एक वाटा, मीठ घालून दळून आणा. हे पीठ थापायला सवय लागते. नवख्यांनी पुऱ्याच कराव्यात.

धडगाव

चूल जंगलात नाही, मुक्कामाच्या अंगणात, विचारून. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. राख पाणी टाकून, ढवळून, हाताला गार लागेपर्यंत विझवा. सुटे पैसे न्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. नेटवर्क गेलं की फोनवरचे पैसे कामाचे नाहीत. पाड्यावर बायापोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि रात्री स्पीकर लावायला एवढा घाट चढून यायची काय गरज, हे एकदा कुणीतरी सांगाच.

रावेर

खरा बर्फ आणि स्कीइंग कुणाला शिकायचंय का? मग ही सुट्टी चुकीची. औलीला डिसेंबरात बर्फाचा भरवसा नसतो. औली, मनाली, गुलमर्गचे शिकाऊ वर्ग मुख्यतः जानेवारी ते मार्च, म्हणजे आपलं सत्र चालू असताना. चौदा दिवसांच्या वर्गाला जायचं तर कॉलेजात हजेरीच्या सवलतीचा अर्ज आधी मंजूर करून घ्या. भाड्याचा बूट नडगीला घट्ट आणि टाच न उचलणारा बघा. सैल बूट म्हणजे पाय वळतो, स्की वळत नाही. थांबायचं शिकवतात ते असं: पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडांवर दाब. मागे रेललात की थांबणं संपलं.

अमळनेर

गाडीशिवाय येणाऱ्यांसाठी: सुरत-भुसावळ मार्गाने दोंडाईचा किंवा नंदुरबारला उतरा, तिथून शहाद्याला एसटी. एसटीचा विद्यार्थी पास गाव ते कॉलेज एवढाच चालतो, सहलीला नाही. मुलींना मात्र मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. वर जाणाऱ्या गाडीची वेळ शहादा स्थानकात आदल्या दिवशी विचारा, परतीचीही तेव्हाच. आणि खोली सोडताना गॅसचा रेग्युलेटर काढा, दूधवाल्याला सांगा, मेसला खाडे लेखी द्या. तोंडी सांगितलेले खाडे महिनाअखेर कुणाला आठवत नाहीत.