मदत हवी आहे: वडिलांना फेंटानिल पॅच, मॉर्फिन आणि ट्रॅमाडॉल तिन्ही चालू होतं

नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या. अण्णा वय ७१, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय, कंबर फार दुखते. आधी दर चार तासांनी मॉर्फिनची १० ची गोळी होती, मग वेळा पाळणं आईला जमेना म्हणून पेन क्लिनिकच्या मॅडमनी फेंटानिलचा २५ चा पॅच (कातडीवर चिकटवायची दुखण्याच्या औषधाची पट्टी) दिला, तीन दिवसांनी बदलायचा, आणि मॉर्फिन फक्त मधेच कळ आली तर. इथवर ठीक चाललं होतं.

गेल्या आठवड्यात मी पुण्यात असताना दुखणं वाढलं. आईने गावातल्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा आणि झोपेसाठी रात्री अल्प्राझोलाम ०.२५ लिहून दिली. पॅच पाठीवर बंडीच्या आत, त्यांना दिसला नाही आणि आईनेही सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी तो बामच्या पट्टीसारखाच, औषध म्हणजे गोळी. चूक माझीच, मी तिला नीट समजावून द्यायला हवं होतं.

काल रात्री घरी आलो तर अण्णा गाढ झोपेत, घोरणं वेगळंच, मधेच थांबायचं आणि मग एकदम मोठा श्वास. मोबाइल लावून मोजले तर मिनिटाला ११. हाक मारली तर उठले, माझं नाव घेतलं, दोन घोट पाणी प्यायले आणि परत डोळे मिटले. पाठीखाली गरम पाण्याची पिशवी, ती नेमकी पॅचवर! उष्णतेने पॅचमधलं औषध जास्त वेगाने अंगात उतरतं हे मला मॅडमनी सांगितलं होतं, आईला कुणीच नाही. पिशवी काढली, रात्रीच्या दोन्ही गोळ्या दिल्या नाहीत, उशाशी बसून राहिलो.

फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल ही तिन्ही एकाच जातीची (अफूवर्गीय) औषधं, त्यात वरून झोपेची गोळी म्हणजे श्वास आणखी मंदावणार हे कळतंय. शिवाय त्यांना एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) चालू आहे, त्याच्यासोबत ट्रॅमाडॉल दिलं तर झटके येऊ शकतात म्हणे. आणि क्रिएटिनिन १.९, म्हणजे किडनी कमी काम करतेय, त्यामुळे मॉर्फिनसुद्धा अंगात साठत असणार. क्लिनिकचा फोन सकाळपासून लागत नाहीये. पॅच काढू का तसाच ठेवू? नॅलोक्सोनचं इंजेक्शन (या औषधांवरचा उतारा) तालुक्याला मिळतं का, कुणाला अनुभव आहे का?

अपडेट, ११ वाजता: मॅडमशी बोलणं झालं. ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, मॉर्फिन काहीही द्यायचं नाही, पॅच काढून चिकट बाजू आत दुमडून सोबत आणायचा, आणि आजच घेऊन या म्हणाल्या. पॅच काढला तरी कातडीखाली साठलेलं औषध दिवसभर उतरत राहतं, त्यामुळे जरा बरे वाटले तरी नजर हटवायची नाही. हाकेला ओ दिली नाही, ओठ निळे दिसले किंवा श्वास आणखी कमी झाला तर गाडीची वाट न बघता १०८. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरल्यात, आत्ता श्वास १३ आहेत. गाडी अर्ध्या तासात येईल, रस्ता अडीच तासांचा. अशा पेशंटला कुणी लांब नेलं असेल तर लगेच सांगा, सीट मागे करून बसवून न्यावं की कुशीवर झोपवून?