विषय: लग्नाआधीचा करार – होणाऱ्या सुनेकडून सही मागावी का?

(पुढचं पत्र एका सभासद ताईंनी नाव न देता आपल्या ईमेल यादीवर टाकायला सांगितलं आहे. – यादी समन्वयक)

मंडळी, नमस्कार.

हे पत्र लिहावं की नाही, यात तीन आठवडे गेले. मुलाचं लग्न डिसेंबरमध्ये पुण्यात आहे. मुलगी तिथे चांगल्या नोकरीत आहे, ती सोडून सॅन होजेला येणार. मुलगा इथला नागरिक. गेल्या वर्षी त्याने घर घेतलं, एकट्याच्या नावावर. त्याच्या डाऊन पेमेंटला आम्ही १ लाख ८० हजार डॉलर दिले. पुण्यातला फ्लॅट विकून आलेले पैसे होते ते. आमच्याकडे एवढी मोठी रक्कम पुन्हा येणार नाही.

माझ्या भाच्याचा संसार चार वर्षांत मोडला. घर विकावं लागलं आणि माझ्या बहिणीने त्यात घातलेल्या पैशांचा एक कागद कुणाकडे निघाला नाही. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. म्हणून मुलाला म्हटलं, प्रीनप, म्हणजे लग्नाआधीचा करार, करून घे. तो म्हणाला, "आई, ती सगळं सोडून येतेय आणि मी तिच्यापुढे पहिला कागद हा ठेवू?" मला उत्तर सुचलं नाही.

मुलगी गुणी आहे. माझा तिच्यावर अविश्वास नाही, हे मनापासून लिहिते. पण आमचे पैसे या कागदाने राखले जातात का? आणि तिच्या घरच्यांशी हे कोणी, कोणत्या शब्दांत बोलायचं?

– एक आई

* * *

काकू,

मी याच भागात कौटुंबिक कायद्याची वकिली करते. तुमची केस पाहिल्याशिवाय सल्ला देता येणार नाही, पण सर्वसाधारण नियम सांगते, म्हणजे निम्मी भीती तरी कमी होईल.

कॅलिफोर्नियात लग्नानंतर दोघांपैकी कोणीही कमावलेला पगार दोघांचा निम्मा-निम्मा धरतात. खातं कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. लग्नाआधीचं, वारशाने आलेलं आणि एकट्याला भेट मिळालेलं मात्र ज्याचं त्याचं राहतं. म्हणजे तुमच्या मुलाचं घर आज त्याचंच आहे, प्रीनप असो वा नसो. कर्ज घेताना बँकेने तुमच्याकडून भेटपत्र (हे पैसे उसने नाहीत, भेट आहेत असं लिहून दिलेलं पत्र) घेतलं असेल. त्यात एकट्या मुलाचं नाव आहे का बघा आणि ते पत्र व पैसे पाठवल्याचा बँकेचा उतारा एका फाइलमध्ये ठेवा. तुमच्या बहिणीकडे नेमकं हेच नव्हतं.

गुंता पुढे होतो. लग्नानंतर घराचे हप्ते पगारातून जाणार आणि पगार तर दोघांचा. हप्त्यातल्या मुद्दलाचा जो भाग फिटतो, त्या प्रमाणात घरात आणि त्याच्या वाढलेल्या किमतीत समाईक हिस्सा तयार होतो. व्याज, कर, विमा यांतून तो होत नाही. १९८० आणि १९८२ च्या दोन निकालांवरून हे गणित पडलं आहे. प्रीनपमध्ये ते बदलता येतं, किंवा आहे तसंच ठेवून नीट लिहून काढता येतं.

आता सहीबद्दल. बेसबॉलपटू बॅरी बाँड्स याने ५ फेब्रुवारी १९८८ ला करार केला आणि दुसऱ्याच दिवशी लग्न. बायको स्वीडनहून आलेली, इंग्रजी तिची मातृभाषा नव्हे, आणि तिच्या बाजूने वकील नव्हता. तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो करार वैध ठरवला. त्यानंतर विधिमंडळाने कायदा कडक केला. आता अंतिम मसुदा हातात आल्यावर किमान ७ दिवस गेल्याशिवाय सही चालत नाही. दोघांनी आपापली मालमत्ता आणि कर्जं पूर्ण उघड करायची. आणि पोटगी सोडल्याचं कलम, सही करणाऱ्याच्या बाजूने त्या वेळी स्वतंत्र वकील नसेल, तर टिकतच नाही. वकील असूनही घटस्फोटाच्या वेळी ते कलम फार अन्यायाचं दिसलं, तर न्यायालय ते बाजूला ठेवतं. मुलांच्या खर्चाला तर करारात हात लावताच येत नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या मला वारंवार सांगाव्या लागतात. कंपनीतर्फे निवृत्तीसाठी बचत होते त्या ४०१-के खात्यावर जोडीदाराचा जो वारसाहक्क असतो तो प्रीनपने सुटत नाही, कारण तो सोडण्याची सही केंद्राच्या कायद्याने 'जोडीदारा'ची लागते आणि लग्नाआधी ती जोडीदार नसते. दुसरं, तिच्या व्हिसासाठी मुलगा आय-८६४ भरेल. ते केंद्र सरकारला दिलेलं हमीपत्र आहे: तिचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत, किंवा देश सोडेपर्यंत ही जबाबदारी राहते. घटस्फोटाने संपत नाही आणि प्रीनपनेही नाही. नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या) केंद्रीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे.

तिच्यासाठी वेगळा वकील शोधा. फी तुम्ही दिली तरी चालते, पण वकील तिचा हवा, तुमच्या ओळखीतला नको.

* * *

ताई,

मराठी शाळेत आपण भेटतो, पण हे मी शाळेत कधी बोलले नाही.

मी २००१ मध्ये एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने आले. तिकडची बँकेतली नोकरी सोडून. तेव्हा एच-४ वाल्यांना कामाची परवानगीच नव्हती. काहींना ती २०१५ मध्ये मिळाली. माझं लग्न त्याच्या आधीच्या वर्षी मोडलं. तेरा वर्षांत माझ्या नावावर एका दिवसाचा पगार नव्हता. दोन मुलं, त्यांचं आजारपण, सासूबाईंची दोन ऑपरेशनं, नवऱ्याच्या रात्रीबेरात्रीच्या कॉन्फरन्स कॉल्समध्ये घर शांत ठेवणं, हे सगळं होतं. पण त्याची पावती कुठे मिळते?

आमचा कुठलाच करार नव्हता, म्हणून मी उभी राहिले. घरात निम्मा वाटा मिळाला, त्यांच्या ४०१-केमधला लग्नाच्या वर्षांचा हिस्सा मिळाला, पोटगी मिळाली. दहा वर्षांवरचं लग्न इथे दीर्घ धरतात, त्याचाही आधार झाला. त्या पैशावर मी पुन्हा शिकले आणि आज कमावते. लग्नाआधी माझ्यापुढे 'ज्याचा पगार त्याचा' अशी एक ओळ ठेवली असती, तर मी वाचून हसून सही केली असती. तेव्हा मीही पगार घेत होते, मला ती ओळ बरोबरीचीच वाटली असती.

तुमच्या १ लाख ८० हजारांची काळजी मला समजते. ते जरूर राखा, त्यात गैर काही नाही. पण तुमच्या पत्रात जिची नोकरी सुटणार आहे, तिच्याबद्दल एकच ओळ आहे. नोकरीबरोबर तिची बढती, तिचा प्रॉव्हिडंट फंड, तिच्या क्षेत्रातल्या ओळखी, सगळंच सुटतं. ही रक्कम कुठल्याच बँकेच्या उताऱ्यावर येत नाही.

कागद करायचाच तर असा करा: घर मुलाचं. लग्नानंतरचे पगार दोघांचे, त्याला हात नको. पोटगी सोडण्याचं कलम नको. आणि ती कमावत नसेल त्या वर्षी मुलाने तिच्या नावावर आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यात भरणा करावा. दोघं मिळून कर भरत असतील तर बिनपगारी जोडीदाराच्या नावाने तसं खातं चालतं. मला हे बारा वर्षं माहीत नव्हतं.

* * *

वहिनी, थोडं भारतातल्या बाजूचं. माझ्या मुलीच्या वेळी यात माझे दोन महिने गेले.

मालमत्तेच्या यादीत तिकडचंही सगळं लिहावं लागतं. आपण सोयीसाठी मुलांची नावं आपल्या मुदतठेवींवर घालून ठेवतो आणि विसरतो. तसं कुठे मुलाचं नाव आहे का शोधा. करारात राहून गेलं तर उद्या 'लपवलं' म्हणतील. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या वर्षीचा एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा अर्ज, भरावा लागतो. ती इथली रहिवासी झाली की तिच्या खात्यांनाही हे लागू. तिचं भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्यायला सांगा.

तिच्या बाजूची यादी तितकीच मन लावून करा. दागिने तिचं स्त्रीधन आहेत, फोटोसकट लिहा. वडिलोपार्जित जमीन असेल तर तिचा हिस्साही लिहा. महाराष्ट्राने मुलींना तो हक्क १९९४ मध्येच दिला, देशभर २००५ मध्ये आला. आणि हा करार भारतातल्या न्यायालयात चालेलच असं धरू नका. तिकडे प्रीनपचा वेगळा कायदा नाही. गोव्यात तशी जुनी पोर्तुगीज तरतूद आहे, पण आपल्याला तिचा उपयोग नाही.

* * *

सर्वांना मनापासून धन्यवाद. शाळेच्या ताई, तुमचं पत्र मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मुलाने ही सगळी पत्रं तिला पाठवली. मला आधी धस्स झालं. पण रविवारी तिचाच फोन आला, थेट मला. ती म्हणाली, "आई, घराचं तुम्ही म्हणता तसं लिहा, मला काही अडचण नाही. मला दुसरंच विचारायचं होतं आणि कसं विचारू कळत नव्हतं." तिच्या भावाच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ती भरते. वडील निवृत्त आहेत. अजून पाच वर्षं हप्ता आहे. इथे आल्यावर नोकरी मिळेपर्यंत तो कसा भरायचा, आणि नवऱ्याच्या पगारातून माहेरी पैसे पाठवले तर आम्हाला काय वाटेल, याने तिची झोप गेली होती.

तीन महिने आम्ही साड्या आणि हॉल यांवर रोज बोलतोय. हे मला माहीत नव्हतं.

तिने स्वतःची वकील शोधली आहे. मसुदा ऑगस्टअखेर तयार व्हावा असं ठरलं, म्हणजे लग्नाच्या धावपळीत सही नको. पगार दोघांचे राहतील, पोटगी सोडण्याचं कलम नाही, आयआरएचं आहे. वकील ताई, एकच विचारते: माहेरी पाठवायच्या पैशांचं करारात लिहिता येतं का?

* * *

काकू, येतं आणि लिहावंच. इथल्या कायद्याने समाईक पैशातून तिसऱ्या कोणाला भेट द्यायची तर जोडीदाराची लेखी संमती लागते. ती संमती करारातच दिली की दरमहा विचारणं उरत नाही. मात्र फक्त तिच्या माहेरापुरतं लिहू नका. 'दोघांचे आई-वडील आणि भावंडं' असं लिहा आणि वर्षाची एक मर्यादा दोघांनी बसून ठरवू दे. उद्या तुमच्या औषधपाण्याला मुलाने पैसे दिले, तर तेही त्याच कलमात बसतील.