मदत हवी आहे: पार्किन्सन्स दिनासाठी लाल ट्युलिप, पण पिन आणि चुंबकाशिवाय

११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स (कंपवात) दिन, १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिणाऱ्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस. त्या दिवशी आमच्या स्वमदत गटातल्या प्रत्येकाने लाल ट्युलिप लावावं अशी मनापासून इच्छा आहे. हे फूल उगाच निवडलेलं नाही. व्हॅन देर वेरेल्ड या डच बागायतदाराला स्वतःला पार्किन्सन्स होता. त्याने पांढऱ्या किनारीचं लाल ट्युलिप तयार केलं आणि त्याला डॉक्टरांचं नाव दिलं. म्हणून ती पांढरी किनार हवीच.

खरी फुलं एप्रिलच्या उन्हात टिकणार नाहीत. तयार बिल्ले नकोत, सभासदांनी स्वतःच्या हातांनी फूल करावं. क्रेप कागद थरथरत्या बोटांत फाटतो. फेल्टच्या पाकळ्या आधीच कापून दिल्या तर चिकटवणं जमतं, पण किनार रंगवताना रंग पसरतो. सुई, कात्री, गरम गोंद नको.

खरी अडचण फूल कपड्यावर लावण्याची. सेफ्टी पिन बऱ्याच जणांना बंद करता येत नाही. चुंबक सोपा, पण काहींची डीबीएस शस्त्रक्रिया (मेंदूत तारा बसवून त्याला सौम्य विद्युत संकेत देण्याची) झाली आहे. संकेत देणारं यंत्र छातीत, कॉलरबोनखाली बसवलेलं असतं आणि चुंबकाचा त्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे चुंबक बादच. दुहेरी टेप घामाने सुटते.

कंप असलेल्या माणसाला स्वतः लावता-काढता येईल आणि सुती सदरा व साडी दोन्हींवर कार्यक्रम संपेपर्यंत टिकेल, असं काय वापरावं? आणि फेल्टला रंगाशिवाय पांढरी किनार कशी आणावी?