प्राण्यांची मुक्ती आणि आपलं डावेपण : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
परवा लेकीच्या कॉलेजात कुणीतरी ठासून सांगितलं की व्हीगन होणं (मांसच नाही, दूध-अंडीही सोडणं) म्हणजे शाकाहारी सोसायट्यांची तळी उचलणं. ती घरी येऊन तणतणत होती आणि मला एकदम नव्वदीतलं लंडन आठवलं.

मी तिथे शिकत होते तेव्हा मॅकलायबल खटला चालू होता. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस. ती माळीकाम, बारमधलं काम करणारी, तो आधी पोस्टमन. लंडन ग्रीनपीस नावाच्या, ना सरकार ना मालक मानणाऱ्या एका छोट्या अराजकवादी गटातले (जगभर माहीत असलेली ग्रीनपीस वेगळी). त्यांच्या पत्रकावरून मॅकडोनाल्ड्सने अब्रुनुकसानीचा दावा लावला. वकिलाला पैसे नाहीत, सरकारी मदत नाही, म्हणून दोघं स्वतःच उभे राहिले. १९९४ ते १९९७, सुनावणीचे ३१३ दिवस! मी स्ट्रँडवर कोर्टाबाहेर तीच पत्रकं वाटायला जायचे, बोटं गारठून जायची.

कामगारांचा पगार, पोरांना भुलवणाऱ्या जाहिराती, जंगलतोड, कोंबड्या-डुकरांचे हाल, सगळं एकाच कागदावर. आमच्या घरी वडील लाल बावट्याचे, पण प्राण्यांचा विषय निघाला की "आधी माणसाचं बघू" म्हणून मिटायचा. इथे दोन्ही एकत्र बघणारी माणसं भेटली. निकाल बऱ्याच मुद्द्यांवर विरोधात गेला, पण काही प्राण्यांशी होणारी क्रूरता आणि कमी पगार हे न्यायाधीशांनी मान्य केलं. भरपाई ६० हजार पौंड, अपिलात ४० हजार. दोघांनी छदाम दिला नाही. २००५ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटन सरकारलाच दोषी धरलं, सुनावणी न्याय्य झाली नाही म्हणून.

दूध, मांस, अंडी माझी तेव्हाच सुटली. ती माझ्या राजकारणातूनच सुटली, सोवळ्यातून नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं काही?

दुपारचा_चहा
ताई, फार छान लिहिलंत. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

गाडीवानाचा_पोरगा
आमचं बीड. आईबाप ऊसतोडीला जायचे, बैलजोडी घरची. पहाटे अंधारात फडात, गाडी भरली की कारखाना. काट्यावर नंबर लागेस्तोवर बैल जुवाखालीच उभे. आमचा एक बैल होता, सर्जा, त्याचा खांदा सुजून फुटायचा. आई रात्री खोपीसमोर बसून हळद-तेल लावायची. माशा बसू नयेत म्हणून वर फडकं. सकाळी त्याच खांद्यावर जू.

आईची मान मोळ्या वाहून गेली. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जायचे. मुकादमाची उचल फिटेपर्यंत तिला गाव नाही आणि सर्जालाही नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना ती त्याच्याशी बोलायची, "तुझं नि माझं एकच रे" म्हणायची. मला वेगळं तत्त्वज्ञान वाचायची गरज पडली नाही.

आता मी संघटनेत काम करतो. टनाचा दर मागताना गाडीवर किती भार घालायचा तेही बोलतो. कुणी हसत नाही. ज्यांनी बैल हाकलेत त्यांना समजतं.

रानजाई
दादा, वाचून गलबलून आलं. आई आता कशा आहेत?

गाडीवानाचा_पोरगा
बऱ्या आहेत. तोडीला जात नाहीत आता. शेळ्या आहेत दोन, विकू देत नाहीत.

निळी_पाटी
धागा चांगलाय पण माझी बाजू लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे मोठ्याचं (गुरांचं) मटण म्हणजे गरिबाचं प्रोटीन. २०१५ ला राज्यात बैलाचंही बंद झालं, पाच वर्षांपर्यंत कैद. माझ्या मामाचा म्हातारा बैल बाजारात कुणी घेईना. मामाच्या पदरी ना बैलाचा पैसा ना चारा. त्या कायद्याने बैलाचं भलं झालं असं मला दिसलं नाही. पुण्यात खोली शोधताना आधी आडनाव, मग "काय खाता?"

तरी माझं मांस सुटलं. पोल्ट्रीच्या शेडवर काम केलं म्हणून. आत गेलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे, वजनाने पाय मोडलेल्या कोंबड्या पाण्यापर्यंत पोचायच्या नाहीत. मेलेल्या पक्ष्यांचे पैसे आमच्या पगारातून. मालक शेडमध्ये यायचाच नाही. शेड नि माझी खोली एकाच माणसाच्या हिशेबात होती.

बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा, ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, ते माणसाच्या इज्जतीसाठी. गुजरातेत उनाला २०१६ मध्ये गोरक्षकांनी आमच्या पोरांना फोडलं, तेव्हा लोकांनी मेलेली गुरं उचलणं थांबवलं नि घोषणा दिली, गायीचं शेपूट तुम्ही ठेवा, आमची जमीन आम्हाला द्या. मी त्याच रांगेत आहे. प्राण्यांवर प्रेम करतो म्हणणारा माझ्या आईच्या ताटावर बोट ठेवत असेल तर मी ताटाच्या बाजूने.

रानजाई
राग कसला. लेकीला हेच वाचायला देते. गाय वाचवायच्या नावाखाली माणूस मारणाऱ्याला प्राणी कळलाय असं मी कधीच मानणार नाही.

टेक्सासवाली_काकू
ऑफिसच्या ब्रेकमधून लिहितेय. ह्यूस्टनला लायब्ररीबाहेर फूड नॉट बॉम्ब्सवाले गरम जेवण देतात. ही चळवळ १९८० मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सला अणुऊर्जाविरोधी लोकांनी सुरू केली. दुकानातून टाकून देणार असलेल्या भाज्या गोळा करायच्या, मांस न घालता शिजवायचं, कुणालाही विचारपूस न करता वाढायचं. युद्धावरचा पैसा जेवणावर जावा असं त्यांचं म्हणणं. नेता कुणी नाही, ज्याला येईल तो कांदा कापतो. सॅन फ्रान्सिस्कोत १९८८ पासून यासाठी अटका झाल्या.

आमच्या शहरात २०१२ ला नियम आला, पाचपेक्षा जास्त जणांना जेवण द्यायचं तर जागेच्या मालकाची परवानगी हवी. २०२३ पासून दंडाच्या पावत्या फाडायला लागले. पहिल्याच खटल्यात ज्युरीने निर्दोष सोडलं, तेव्हा आम्ही मोठ्या पातेल्यात मसुराची आमटी केली होती. वाढताना एक आजोबा म्हणाले, मीट नाही का? तिखट जास्त घाल मग! आता माझ्या हातचं खास मागतात.

दुपारचा_चहा
आले परत. आमच्या आजोळी म्हैस होती. रेडकू मेलं की तिला पान्हा फुटत नाही, म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवायचे. ती ते चाटत राहायची. मी आठवीत होते, बघवलं नाही. दूध तेव्हा नाही सुटलं, पण आता सुटलंय. राजकारण वगैरे मला फार कळत नाही. पण धार काढणारी मामीही पहाटे चारपासून राबायची आणि डेअरीचे पैसे मामाच्या खात्यात जायचे, हे मात्र पक्कं लक्षात आहे.

निळी_पाटी
ताई, हेच तर राजकारण.

गोंयचो_मनीस
इंग्लंडात असताना कोल्ह्याची शिकार अडवणाऱ्यांबरोबर गेलोय. १९६३ पासूनचा गट आहे त्यांचा. वासाचा माग चुकवायला सिट्रोनेला फवारायचं, कुत्र्यांना दुसरीकडे वळवायला शिंग फुंकायचं. जमीनदार घोड्यावर, आम्ही चिखलात. तिथले मित्र घरभाडेवाढीच्या मोर्च्यातही दिसायचे. २००४ च्या कायद्याने बंदी आली तरी "पेरलेल्या वासाचा माग काढतोय फक्त" म्हणत शिकारी निघायचेच.
अवांतर: सोलकढी आपसूक व्हीगन, कुणी काही म्हणो.

टेक्सासवाली_काकू
सोलकढीला १०० टक्के अनुमोदन. पण इथे आमसुलं मिळायची बोंब.

दुपारचा_चहा
बरं, चहाचं काय करता सगळे? माझं तिथेच अडतं. सोयाचं दूध फाटतं.

रानजाई
शेंगदाणे रात्री भिजवून, वाटून, गाळून घे. आलं-चहा आधी उकळ, खाली उतरव, मग कोमट दूध घाल. गूळ घालायचा नाही, त्याने फाटतं. साखर घाल.